पहिली ऑटोमॅटिक, तीही मोठी

भाऊ, स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिक घेतलीत, अभिनंदन! मोड, क्रूझ हे सगळं नंतर बघू. आधी डावा पाय आवरा. क्लचच्या सवयीनं तो ब्रेकवर जातो आणि मागची मंडळी पुढच्या सीटवर आदळतात. तो फूटरेस्टवरच ठेवा; दोन्ही पेडल उजव्या पायानंच.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना डी (ड्राइव्ह) पुरतो. उतरताना मात्र लिव्हर मॅन्युअलकडे सरकवून दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनच गाडी रोखून धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर पायथ्याशी जळका वास येतो. ॲव्हरेज वाढेल म्हणून न्यूट्रल तर अजिबात नको. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगसाठी जळत राहतं.

उतारावर लावताना क्रम असा:
- ब्रेक दाबून न्यूट्रल
- हँडब्रेक
- ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या
- पुन्हा ब्रेक, मग पी (पार्क)

थेट पी टाकलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं.

आता नटवणं. ॲक्सेसरीवाला आधी बुलबार (पुढच्या बंपरवरचं लोखंडी गार्ड) दाखवेल. केंद्रानं २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो. मोठी अलॉय चाकं आणि पातळ टायर आपल्या शेतरस्त्यांवर टिकत नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील तर साइड स्टेप (चढायची बाजूची पायरी) मात्र लावाच. आणि सीट कव्हर शिवताना साइड एअरबॅगची बाजू मोकळी ठेवायला सांगा, बरेच जण तिथंच फसतात.