पूरग्रस्तांसाठी परदेशातून वैद्यकीय मदत: खोकी भरण्याआधी हे वाचा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्त गावांसाठी तुमच्या परदेशातल्या मंडळाने औषधं गोळा करायला घेतली आहेत, चार डॉक्टर सभासद रजा काढून यायला तयार आहेत, आणखी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि 2021 चा चिपळूण-महाडचा, दोन्ही वेळा मी इंग्लंडमधून हेच काम पाहत होतो. त्यावरून सांगतो: औषधं गोळा करणं आजच थांबवा, आणि डॉक्टरांनी तिकिटं काढली नसतील तर काढू नयेत.

आधी औषधांचं. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे 4,000 टन औषधं येऊन पडली. वीस लाखांहून कमी लोकांसाठी! त्यातली बहुतेक तिथल्या डॉक्टरांना न वाचता येणाऱ्या भाषेतली होती आणि सुमारे 600 टन नष्ट करायची पाळी आली. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम त्याआधीपासून होते: पोचताना किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, घरात उरलेल्या गोळ्या आणि फुकटची सॅम्पल्स नकोत. तुमच्या खोक्यांत नेमकं तेच असणार. आणि भारत जगाला गोळ्या पुरवतो, त्याला आपण विमानाने गोळ्या पाठवायच्या? सर्पदंशावरची लस तर परदेशातली चालतच नाही. पुरात बाहेर पडतात त्या नाग, घोणस, मण्यार, फुरशावरची लस आपल्याकडेच बनते.

डॉक्टरांबद्दल. शिरोळपासून मिरज कितीसं लांब? मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दवाखान्यांची आणि डॉक्टरांची वाण नाही. 2019 मध्ये अडचण झाली ती रस्त्यांची. पुणे-बेंगळुरू महामार्गच कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद होता. तुमची मंडळी पोचतील तेव्हा पाणी उतरलेलं असेल, वरातीमागून घोडं. शिवाय भारतातल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू नसेल तर इथे रुग्ण तपासता येत नाहीत, ऑनलाइनसुद्धा. त्वचारोग किंवा मानसोपचाराचा तज्ज्ञ असेल तर इथल्या डॉक्टरला अडलेल्या केसमध्ये फोनवर मत द्यावं. निर्णय आणि चिठ्ठी इथल्या डॉक्टरची. हे काम दिसत नाही, फोटो निघत नाहीत, पण खरोखर उपयोगी पडतं.

आता पैसा, कारण सगळं इथेच अडकतं. मंडळाच्या परदेशातल्या खात्यातून भारतातल्या संस्थेला गेलेला पैसा म्हणजे परकीय योगदान. ती संस्था एफसीआरएखाली, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली, नोंदलेली नसेल तर गुन्हा तिच्यावर दाखल होईल, तुमच्यावर नाही, म्हणून ‘आमच्या ओळखीचा ट्रस्ट आहे’ एवढ्यावर पाठवू नका. नोंदणी चालू आहे का ते गृह मंत्रालयाच्या एफसीआरएच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं बंद झालंय. म्हणजे मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे पाठवून ‘पुढे शिरोळच्या मंडळाला द्या’ हा जुना मार्ग आता नाही. जी संस्था स्वतः गावात काम करते तिलाच द्यायला हवं.

एक वाट मात्र मोकळी आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, वैयक्तिक देणगी दिली तर ती परकीय योगदानात धरत नाहीत. ओसीआय कार्डवाले मात्र परदेशी नागरिक, त्यांचा पैसा एफसीआरएच्याच दाराने. म्हणून सभासदांची यादी पासपोर्टनुसार दोन भागांत करा. वर्गणी एकत्र गोळा करायच्या आत करा, एकदा मंडळाच्या खात्यात पडली की ती मंडळाची होते.

पैसा कशावर? आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि गावच्या आशाताईंना विचारा. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी गमबूट आणि रबरी हातमोजे. हसू नका. पाणी उतरल्यावर लोक अनवाणी घरातला गाळ काढतात, पायाला चिरा असतात, आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात-चिखलात आलेला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) तिथूनच शिरतो. आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो तेव्हा बातम्या दुसरीकडे वळलेल्या असतात. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर मुंबईत ऑगस्टमध्ये हेच झालं. लेप्टोच्या गोळ्या आरोग्य खातं देतं, पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) ग्रामपंचायतीकडे असतं. बूट कुणी देत नाही.

त्यानंतर रोजच्या गोळ्या. बीपी, शुगर, फिट्स, थायरॉईड. पुरात घर सुटतं तेव्हा माणूस म्हशी सोडवतो, औषधांचा डबा घ्यायचं सुचत नाही. फाईल भिजलेली, गोळीचं नाव आठवत नाही, ‘ती पांढरी छोटी’ एवढंच. छावणीत हे रुग्ण रांगेत उभे राहत नाहीत कारण त्यांना काही होत नसतं, आठवडाभराने अर्धांगवायू होईपर्यंत. स्थानिक औषध दुकानदाराकडे खातं उघडून द्या: छावणीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या, बिल संस्थेला. इन्शुलिन असेल तर छावणीत फ्रिज आणि त्याला वीज आहे का, तेही विचारा. टीबीच्या गोळ्या सरकारीच, पण खंड पडलाय का हे आशाताईंकडून कळतं.

डायलिसिसवाल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा केंद्र गाठावंच लागतं. तालुक्यातल्या अशा रुग्णांची यादी आणि गावं मे महिन्यातच हातात असतील, तर पाणी चढायला लागताच त्यांना मिरजेत किंवा कोल्हापुरात केंद्राजवळ खोलीत हलवता येतं. खोलीभाडं आणि गाडी, एवढाच खर्च. परदेशातल्या मंडळाला झेपेल आणि पुढच्या पावसाळ्याआधी करता येईल, असं यापेक्षा चांगलं काम मला माहीत नाही.

आणि निम्मे पैसे तिसऱ्या महिन्यासाठी राखा. उपकेंद्रातला लसींचा फ्रिज, बीपीचं यंत्र, प्रसूतीचं टेबल चिखलात गेलेलं असतं आणि कागद फिरायला वेळ लागतो. जनावरं आणि ऊस गेलेल्या घरांत झोप उडते, दारू वाढते, तेही तेव्हाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. छापून छावणीत आणि दूध संस्थेत लावायला सांगा.

मंडळाच्या बैठकीत खोक्यांवरून वाद होणार, कारण लोकांना हाताने काहीतरी द्यायचं असतं. त्यांना गमबुटांचे साइज विचारण्याच्या कामाला लावा. आशाताईंना फोन करून घरटी माप घ्यायचं. दोघा-तिघांचा शनिवार-रविवार सहज जाईल.