ओएलईडी घ्यायचा की ठरलेल्या बजेटमध्येच राहायचं?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला, प्रश्न टीव्हीचा दिसत असला तरी खरा प्रश्न इमर्जन्सी फंडाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. थोडक्यात मला समजलं ते असं: जुना टीव्ही सात वर्षांचा, एका बाजूला अंधारी पट्टी आलीय पण चालतोय. तुम्ही दीड वर्ष बाजूला टाकत टाकत नव्या टीव्हीचे पैसे जमवले आणि एक मिनी एलईडी मॉडेल ठरवून दुकानात गेलात. बाहेर आलात तेव्हा डोक्यात ओएलईडी, सोबत एक्स्टेंडेड वॉरंटी आणि साउंडबार, आणि वरचे पैसे बारा हप्त्यांत नाहीतर इमर्जन्सी फंडातून. तुमचं बजेट 100 धरलं तर तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून टीव्ही 175, वॉरंटी 15, साउंडबार 20, म्हणजे 210. वरचे 110 म्हणजे तुमच्याच हिशोबानं घरखर्चाचा जवळपास एक अख्खा महिना, आणि फंडात आत्ता आहे फक्त तीन महिन्यांचा खर्च.

माझं उत्तर आधीच सांगतो, घेऊ नका. पण टीव्ही वाईट आहे म्हणून नाही. सेल्समननं तुम्हाला सांगितलं की ओएलईडीचा काळा रंग खरा काळा असतो, ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा बारीक ठिपका, स्वतः उजेड देतो आणि काळ्या जागी तो चक्क बंद होतो. मिनी एलईडी किंवा क्यूएलईडी म्हणजे शेवटी एलसीडीच, मागून बॅकलाइट असलेला. क्यूएलईडीत क्वांटम डॉटचा थर रंग सुधारतो आणि मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि खूप जास्त असतात, ते झोनमध्ये कमीजास्त करता येतात. झोन कमी असले तर काळ्या पडद्यावरच्या सबटायटलभोवती धुरकट उजेड दिसतो, हेही खरं.

तो खोटं बोलला नाही, पण तुमच्या घराबद्दल त्यानं काही विचारलंच नाही, आणि माझी तक्रार तिथे आहे.

तुम्ही लिहिलंय की ओएलईडी एका वेगळ्या कोपऱ्यात होता, तिथे दिवे कमी, पडद्यावर काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगीत पक्षी आणि आतषबाजी. आणि तुमचा मिनी एलईडी होता मधल्या रांगेत, डोक्यावर ट्यूबलाइट, त्यावर कसलीतरी मॅच. मग तुलना झालीच कुठे? दोन वेगळे व्हिडिओ, दोन वेगळे उजेड. शिवाय दुकानातले टीव्ही बहुतेक वेळा स्टोअर मोडवर असतात, ब्राइटनेस आणि रंग शेवटच्या टोकाला नेलेले, घरी तसं कुणी दोन तास बघू शकत नाही. हे आजचं नाहीये. प्लाझ्मा (काचेत गॅस भरलेल्या पडद्याचे जुने टीव्ही) आणि एलसीडीच्या काळात उलटं व्हायचं, घरच्या मंद उजेडात प्लाझ्माचं चित्र सुरेख दिसायचं पण दुकानाच्या झगझगाटात ते फिकं पडायचं आणि एलसीडी चमकून दिसायचा. त्यात कुणी सांगायचं की प्लाझ्मातला गॅस संपतो आणि परत भरावा लागतो, जे साफ चुकीचं होतं कारण तो गॅस काचेच्या आत कायमचा सील केलेला असतो. पॅनासॉनिकनं 2013 च्या शेवटी प्लाझ्मा पॅनल बनवणं थांबवलं, त्याची कारणं बरीच होती पण दुकानातलं पहिलं इम्प्रेशन हे त्यातलं एक होतंच असं माझं मत आहे. नावांचा घोळही जुनाच आहे, 'एलईडी टीव्ही' म्हणून जे विकलं गेलं ते एलईडीचे दिवे मागे लावलेले एलसीडीच होते, फक्त नावामुळे नवीन जातीचा टीव्ही वाटायचा.

आता तुमचं घर. हॉलला दोन मोठ्या खिडक्या, दिवसा पडदे उघडे, सासूबाई सकाळपासून न्यूज लावून बसतात, तुम्हीच लिहिलंय आठ तास तरी. आठ तास रोज म्हणजे वर्षाला 2,900 तासांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग एकाच जागी असलेला चॅनेलचा लोगो आणि खालची पट्टी. ओएलईडीत नेमका ह्याचाच धोका असतो, बर्न-इन, म्हणजे त्या आकाराची पुसट सावली कायमची राहणं. 2018 साली आरटिंग्ज ह्या टेस्टिंग साइटनं सहा ओएलईडी टीव्ही रोज 20 तास चालवून बघितले, त्यात जे न्यूज चॅनेलवर होते त्यांच्यावर खुणा उमटल्या. त्यानंतरचे पॅनल सुधारलेत, सगळ्यांचंच असं होईल असं मी म्हणत नाही, रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्या माणसाला मी ओएलईडी बिनधास्त सांगेन. पण तुमचा वापर सगळ्यात धोक्याचा आहे आणि खोली सगळ्यात उजेडाची आहे, जिथे मिनी एलईडीचा जास्तीचा ब्राइटनेस उपयोगी पडतो. म्हणजे जास्त पैसे भरून तुमच्या घरासाठी कमी योग्य वस्तू येतेय, आणि हे मला खरंच लागलं, कारण तुम्ही ते पैसे किती कष्टानं जमवलेत ते दिसतंय.

वॉरंटीचं सांगतो. ओएलईडीची काळजी वाटली म्हणूनच तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटीला हो म्हणालात ना? मग अटींचा कागद मागा आणि त्यात बर्न-इन हा शब्द शोधा, बऱ्याच वॉरंटींमध्ये ते वगळलेलं असतं. दुकानाला टीव्हीपेक्षा अशा जोडवस्तूंवर टक्क्यांच्या हिशोबात जास्त सुटतं, म्हणून त्या शेवटी, तुम्ही थकलेल्या असताना येतात. आणि समोरचा माणूस बऱ्याचदा दुकानाचा नसतोच, एखाद्या ब्रँडनं ठेवलेला असतो, त्याला ठरावीक मॉडेलवर इन्सेन्टिव्ह आणि महिन्याचं टार्गेट असतं. त्याच्यावर राग नको, त्याचं पोट त्यावर आहे, फक्त त्याचा सल्ला फुकटचा नाही एवढं लक्षात असू द्या.

बिनव्याजी हप्त्यांबद्दल एकच प्रश्न विचारा: आत्ता रोख दिले तर किती? रोखीचा आकडा कमी आला तर तो फरक म्हणजेच व्याज, वर प्रोसेसिंग फी असेल तर तीही धरा. आणि फंडाला हात लावायचाच नाही. घरात एक पगार आणि एक फ्रीलान्स काम, तिथे तीन महिने आधीच कमी आहेत, निदान सहा हवेत. तो जुना टीव्ही उद्या बंद पडला तरी घर अडत नाही, पण फ्रीलान्सचं पेमेंट दोन महिने लटकलं तर अडतं.

पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा पेनड्राइव्हवर दोन व्हिडिओ न्या, एक न्यूजचा, एक अंधाऱ्या सीनचा सिनेमा, आणि दोन्ही टीव्हीवर तेच लावायला सांगा, पिक्चर मोड व्हिव्हिडवरून सिनेमावर आणून. लोकल डिमिंगचे, म्हणजे मागचे दिवे कमीजास्त करायचे, झोन किती आणि पॅनलचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, 60 की 120 हे विचारा, कारण 'मोशन 240' वगैरे जे लिहिलेलं असतं तो रिफ्रेश रेट नसतो. मुलं गेम खेळतात म्हणून 120 ला थोडे जास्त गेले तर चालेल, ते मी 100 च्या बजेटऐवजी एकूण 110 पर्यंत मान्य करेन, वरचे 10 पुढच्या दोन महिन्यांच्या बचतीतून. घाई नसेल तर नवीन मॉडेल येईपर्यंत थांबा, तेव्हा आधीच्या वर्षीचे बरेच उतरतात, 'शेवटचा पीस' ऐकून पळत जाऊ नका.

तुम्ही आधी ठरवलेल्या मिनी एलईडीचा पूर्ण मॉडेल नंबर मला पाठवा, शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच नावाखाली वेगळे पॅनल विकतात. आणि बुकिंगचे पैसे भरले असतील तर पावतीवर परतीची अट काय लिहिलीय ते आजच बघून कळवा.