आईला एसी सोसत नाही

पत्र भुसावळच्या एका मुलाचं आहे. वय 34, वायुसेनेत स्क्वाड्रन लीडर, पुण्याला लोहगावहून सुखोई उडवतो. वेगवान गाड्यांचं लहानपणापासून वेड. गेल्या वर्षी कर्ज काढून जुनी पोर्शे केमन घेतली. बायको म्हणते विकून टाक, दोन सीटच्या गाडीत लेकीला कुठे बसवायचं? मोठा भाऊ म्हणतो, गल्लीत तमाशा होतो. आणि हा विचारतो, ‘मावशी, विमानात मी 8-9 जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊपट भार, सोसतो. हायवेवर 160 म्हणजे माझ्यासाठी काहीच नाही. घरच्यांना हे कसं समजावू?’

भाऊ, तुझं पत्र चार पानांचं, त्यातली अडीच पानं गाडीची. इंजिन मधोमध, 300 अश्वशक्ती, 0 ते 100 साधारण पाच सेकंदांत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आईला पारोळ्याला मामांकडे घेऊन गेलास, तेव्हा एरंडोलच्या पुढे दुभाजकाच्या फटीतून ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली. ‘काय ब्रेक लागले, मानलं गाडीला,’ असं त्याबद्दल आठ ओळी लिहिलंस. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, कागद उरला म्हणून लिहावं तसं: ‘येताना आई एसटीनेच आली. तिला एसी सोसत नाही म्हणे. शिवाय बायकांना अर्धं तिकीट.’

बायकोचं आणि भावाचं राहू दे. त्यांना जे म्हणायचं ते तुझ्या तोंडावर म्हणतात. मी त्या तळाच्या ओळींपाशीच थांबले.

आखाजीच्या दिवसांतलं भुसावळ मला माहीत आहे. पारा 45 च्या आसपास, पंख्याचा वारासुद्धा चटका देतो, दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. अशा उन्हात तुझी आई पारोळ्याच्या स्टँडवर उभी राहिली, जळगावला गाडी बदलली, तापलेल्या पत्र्याखाली बसून घरी आली. कारण काय, तर थंड हवा सोसत नाही! ‘माले नई सोसत रे भाऊ तो एसी,’ असंच म्हणाली असेल. आणि तू ते खरं मानलंस. मला तुझा राग आला तो इथे.

ती घाबरली रे. तुला सांगितलं नाही, कारण तिचा मुलगा लढाऊ विमान उडवतो, सगळी गल्ली त्याचं नाव घेते. त्याच्या शेजारी बसून आपण भ्यायलो म्हटलं तर त्याला कमीपणा येईल, असं तिला वाटलं असणार. मग घातलं सगळं एसीवर. आपल्याकडच्या आया असंच करतात. माझी आई वाढता वाढता भाजी संपली की म्हणायची, मला आज भूकच नाही. मला ते कळायला चाळिशी उलटावी लागली.

आता तुझ्या त्या जीचं बोलू. 9 जीला 60 किलोच्या माणसाचं वजन 540 किलो होतं. रक्त डोक्यातून खाली ओढलं जातं, डोळ्यांपुढे आधी करडं आणि मग काळं होतं. ते सोसायला तुझ्या अंगावर जी-सूट असतो, हवेने फुगून पोट आणि मांड्या आवळून धरणारा. स्नायू कसे ताणायचे, श्वास कसा घ्यायचा, हे तुझ्याकडून वर्षानुवर्षं घोटून घेतलंय. एवढं असूनही सुखोईच्या मागच्या सीटवर जो बसतो, त्याला तू जोराचं वळण घेण्याआधी सांगतोस. विमान वळवायची स्टिक तुझ्या हातात असते, त्यामुळे पुढच्या क्षणी काय होणार हे तुझ्या अंगाला आधीच कळतं. त्याला कळत नाही. त्याची मान तेव्हा वळलेली असली तर दुखावेल. तो शिकलेला अधिकारी आहे, तरी तू त्याला सांगतोस.

आईला काय सांगितलं होतंस?

तिच्या अंगावर साडी होती, मांडीवर माहेरी न्यायचा सांजोऱ्यांचा डबा असेल. केमनमध्ये माणूस रस्त्याला टेकल्यासारखं बसतं, त्या ट्रॉलीची चाकं तिला डोळ्यांसमोर दिसली असतील. 160 ला गाडी एका सेकंदात 44 मीटर जाते. ब्रेक दाबल्यापासून थांबायला 80 च्या चौपट अंतर लागतं. चौपदरी महामार्गावर कारला मर्यादा 100 ची, हे तुला मी सांगायला नको. तुझा पाय ब्रेकवर होता. तिच्या पायाखाली ब्रेकच नव्हता.

तुझे वडील रेल्वेत इंजिन चालवायचे, हे तूच लिहिलंयस. जागेवरून गाडी हलवण्याआधी ते शिट्टी द्यायचे. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर संसार केलेली बाई तुझ्या शेजारी बसली होती.

सॉर्टीच्या, म्हणजे उड्डाणाच्या, आधी तुमच्याकडे ब्रीफिंग होतं आणि उतरल्यावर डीब्रीफिंग. विमान थोडक्यात बचावलं, तर ‘मानलं विमानाला’ म्हणून कुणी चहा प्यायला निघून जात नाही. कुठे चुकलं ते बोलतात, लिहून काढतात, आणि ज्युनियरनेही सीनियरची चूक तिथे तोंडावर सांगायची असते. एरंडोलचं डीब्रीफिंग अजून झालेलं नाही.

गाडी ठेव नाहीतर विक, त्याचा निर्णय आत्ता घेऊच नकोस. पुढच्या सुट्टीत घरी पोचलास की पहिल्या संध्याकाळी, बॅग उघडायच्याही आधी, आईजवळ ओट्यावर बस. फोनवर हे करायचं नाही. तिला म्हण, ‘आई, एरंडोलच्या पुढे तुला काय झालं, ते सांग.’ आणि गप्प राहा. टायर, ब्रेक, तुझा अनुभव, यातलं एक अक्षर मध्ये काढू नकोस. तिचं पूर्ण होऊ दे.

ती आधी म्हणेल, ‘काही नई रे भाऊ, च्या ठेवू का?’ ठेवू दे. चहा होईपर्यंत तिथेच बसून राहा, आणि ती कप घेऊन आली की पुन्हा विचार.