ती भेग तुम्ही बुजवायला नको होती

पत्राचा सारांश: मी पंचवीस वर्षं बांधकाम ठेकेदार आहे. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ६१ टक्के, सांख्यिकीचा पेपर एकदा राहिला होता. मास्टर्ससाठी तिला 'इन्फ्रास्ट्रक्चर ॲसेट मॅनेजमेंट' हवं आहे. म्हणजे उभ्या इमारती, पूल, जलवाहिन्या कशा चालल्यात ते तपासायचं म्हणे. स्ट्रक्चरल डिझाइन किंवा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट घे, असं सांगून थकलो. माझी मुलगी नवं उभारेल, जुन्याची डागडुजी करणार नाही. घरातल्या जिन्याच्या भिंतीवर आठ महिने पेन्सिलीने रेघोट्या मारत होती. शेवटी मी भेग भरून रंग मारून घेतला, तर चार दिवस बोलली नाही. वेळ कसा वाया घालवते ते कळावं म्हणून तिच्या वहीतल्या पानांचे फोटो जोडले आहेत. फीच्या हमीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. तिला पटेल असं उत्तर द्या. हे पत्र लिहिलंय हे तिला माहीत नाही. आणि ती तिकडे गेली, तर माझं हे सगळं पुढे कोण बघणार?

नमस्कार,

पत्र पूर्ण वाचण्याआधीच मी वहीच्या पानांचे फोटो उघडले आणि बराच वेळ त्यांतच गुंतले. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, तापमान. भेगेची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजलेली, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. भेग जिथे संपते तिथे भिंतीवर पेन्सिलीची आडवी रेघ, म्हणजे पुढच्या महिन्यात टोक त्या रेघेपलीकडे सरकलं का ते कळावं. बाजूला जिन्याचं छोटंसं रेखाटन. आणि शेवटच्या नोंदीखाली दोनच शब्द: 'रंग दिला.' पुढे पान कोरं.

तुम्ही ज्याला रेघोट्या म्हणता, तो या क्षेत्राचा पहिला धडा आहे आणि तो ती आपला आपण शिकली आहे. भेग दिसली की बहुतेक जण एकतर घाबरतात नाहीतर बुजवून मोकळे होतात. जाणकार आधी विचारतो, ही हलते आहे की थांबली आहे? प्लास्टर सुकताना पडलेली भेग आहे तिथेच राहते. पाया खचत असेल तर ती महिन्यागणिक रुंदावते. उन्हाथंडीने उघडझाप करणारी तिसऱ्याच जातीची. काँक्रीटची दहा मीटर लांबी वीस अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर कमीजास्त होते, म्हणून रुंदीशेजारी तापमान लिहायचं असतं. तिने ते लिहिलंय. जुने ओव्हरसीअर भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घालत आणि काच तडकली की भेग हलती आहे असं समजत. पंचवीस वर्षांत तुम्हीही हे पाहिलं असेल. मुलीने तेच केलं, जास्त बारकाईने. आठ महिन्यांचा पुरावा तुम्ही एका दिवसात पुट्टीखाली घातलात आणि ती चार दिवस का बोलली नाही, असं मला विचारता. ती चारच दिवसांत बोलायला लागली, हे तिचं मोठेपण.

नोंदींत एक चूक दिसली, ती तिच्यापर्यंत पोचवा. काही मोजमापं सकाळी सातची आहेत, काही दुपारी दोनची. भिंत दिवसभरातही तापते आणि निवते, म्हणून वेळ रोज एकच हवी.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात पक्का गैरसमज. तुम्ही चार वेळा 'डागडुजी' हा शब्द लिहिलाय. डागडुजी म्हणजे गळका नळ बदलणं, सोललेला रंग पुन्हा लावणं. ते काम गरजेचं आहे आणि ते करणाऱ्यांचा मला आदर आहे, पण तुमची मुलगी जे शिकायला निघाली आहे ते हे नव्हे. स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल घ्या. १८९० सालचा, सगळा पोलादी. त्याचं रंगकाम कधीच संपत नाही, एक टोक गाठेपर्यंत दुसरं गंजायला लागतं, अशी म्हणच इंग्रजीत पडली होती. पिढ्यान्‌पिढ्या रंगारी तिथे राबले, ती झाली डागडुजी. मग कुणीतरी वेगळे प्रश्न विचारले. जुने थर मुळापासून काढले तर? समुद्रातल्या तेलविहिरींवर टिकणारा लेप इथे वापरला तर? त्याला आज किती खर्च येईल, पुढच्या पंचवीस वर्षांत किती वाचेल आणि तोवर रेल्वे चालू कशी ठेवायची? २००२ ते २०११ हे काम चाललं आणि नव्या लेपाकडून निदान पंचवीस वर्षांची अपेक्षा धरली गेली. हा हिशेब मांडणं, त्याला मोजमापांचा आधार देणं आणि मालकाला तो पटवणं, याला ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात. त्यासाठी आयएसओ ५५००० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये सुधारलं गेलं. रंगाचा ब्रश त्यात कुठेही नाही.

आणि हे काम नव्या बांधकामापेक्षा सोपं आहे असं वाटत असेल, तर तेही खरं नाही. नवं बांधताना काँक्रीट कोणतं, सळई किती हे सगळं आपण ठरवतो. उभ्या इमारतीत दुसऱ्याने काय करून ठेवलंय ते बाहेरून ओळखायचं असतं. एकदा एका तपासणी पथकाबरोबर मी दिवसभर फिरले होते. त्यातला अभियंता स्लॅबच्या खालच्या अंगाला छोट्या हातोडीने ठोकत चालला होता. खणखणीत आवाज, खणखणीत आवाज, आणि एका ठिकाणी एकदम भद्द. आतला थर सुटला होता. तिथला टवका काढून त्याने ताज्या उघड्या पडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिनचा, म्हणजे अल्कधर्मी जागी गुलाबी होणाऱ्या रसायनाचा, फवारा मारला. आतला भाग गर्द गुलाबी झाला, पण कडेचा दोन बोटं रुंदीचा पट्टा तसाच करडा राहिला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्या पट्ट्यातल्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण गेला होता आणि सळई नेमकी त्याच पट्ट्यात होती. असं झालं की सळईचं संरक्षण जातं, ती गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त जागा मागतो. काँक्रीट आतून फुटतं ते त्यामुळे. बाहेरून मात्र ती इमारत रंगवलेली आणि देखणी होती.

हे न दिसणं जीवघेणं ठरतं. अमेरिकेतला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. कारण निघालं एका पोलादी दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर, आणि तीही सांधा सुटा केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. त्यानंतर, १९७१ मध्ये, त्या देशात पुलांच्या तपासणीची राष्ट्रीय मानकं आली. इटलीत जेनोआचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला पडला, ४३ मृत्यू. त्याच्या तिरप्या पोलादी तारा काँक्रीटच्या आवरणात होत्या, त्यामुळे त्यांचा गंज डोळ्यांना दिसत नव्हता. अशा जागी काय मोजायचं, कशाने मोजायचं आणि किती दिवसांनी पुन्हा मोजायचं, हे ठरवणारी माणसं लागतात. तुमच्या लेकीला त्यांच्यातली एक व्हायचंय.

इमारतींच्या बाजूनेही हेच. इमारत भक्कम उभी असूनही नापास होऊ शकते. नकाशावर जेवढी वीज लागेल असं दाखवलं होतं त्याहून कितीतरी जास्त प्रत्यक्षात लागते, वर्गखोल्यांत हवा खेळत नाही, रुग्णालयाची लिफ्ट ऐन गरजेला बंद पडते. लोक राहायला आल्यानंतर इमारत कशी वागते ते मोजणं, हीसुद्धा आता स्वतंत्र विद्या आहे.

मात्र तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटणारी ओळ आहे शेवटची. 'माझं हे सगळं पुढे कोण बघणार?' आधीचा सगळा मजकूर तिच्या भल्याचा आहे. ही एकच ओळ तुमच्या मनातली आहे आणि मला तीच सगळ्यात प्रामाणिक वाटली. पंचवीस वर्षं खपून उभा केलेला व्यवसाय लेकीने सांभाळावा असं वाटण्यात गैर काय? काहीच नाही. गैर आहे ते ही इच्छा तिच्यापासून लपवून विषयाला नावं ठेवणं. तिला वाटतंय की बाबांना माझा विषय हलका वाटतो, माझ्या अकलेवर भरवसा नाही. तिला हे कुठे माहीत आहे की बाबांना माझी गरज आहे? एकदा समोर बसवून सरळ सांगा, 'तू माझ्याबरोबर काम करावंस असं मला वाटतं.' सांगा आणि ती 'नाही' म्हणाली तर ऐकून घ्या. सही अडवून ठेवण्याला विनंती म्हणत नाहीत. शेवटची तारीख उलटून जाईपर्यंत कागद कपाटात ठेवायचा आणि मग 'नशिबात नव्हतं' म्हणायचं, असं करणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांची मुलं पुढे नोकरीला लागतात, भेटायला येतात, पण मनातलं बोलत नाहीत.

हे पत्र तुम्ही तिच्या नकळत लिहिलंत आणि तिची वही न विचारता दाखवलीत, हेही मला पटलं नाही. तिचं मन वळवणारं उत्तर मी देणार नाही.

६१ टक्के ही अडचण नाही. अडचण सांख्यिकी आहे, आणि इथे मी तुमच्या लेकीशीही स्पष्टच बोलते. या क्षेत्राचा निम्मा भाग अनिश्चिततेचा आहे. जमिनीखालच्या हजारो नळांपैकी पुढच्या पाच वर्षांत किती फुटतील, हे नुसत्या नळाच्या वयावरून कळत नाही. माती, पाण्याचा दाब, जोडणी या सगळ्यावर ते ठरतं आणि उत्तर शक्यतेच्या भाषेत द्यावं लागतं. माणसाच्या नजरेचाही भरवसा नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ निरीक्षकांना तेच ते पूल तपासायला दिले होते. शून्य ते नऊच्या श्रेणीत एकेका भागाला सरासरी चार ते पाच वेगवेगळे गुण पडले. असा विखुरलेला डेटा हाताळायचा तर संभाव्यता आणि रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम होतो ते आकड्यांतून काढण्याची पद्धत, पक्कं हवं. राहिलेला पेपर सुटला, एवढ्याने भागणार नाही. प्रवेशाआधीचे महिने तिने त्यालाच द्यावेत. सुरुवातीच्या नोकरीत रोमांचक काही नसतं, हेही ऐकून ठेवावं. मालकाकडे नेमकं काय काय आहे याची यादी जमवण्यात, सापडत नसलेले नकाशे शोधण्यात आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यातच पहिली एक-दोन वर्षं जातात.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, स्पर्धा परीक्षा हे मार्ग तुम्हाला माहीत आहेत. तिने आत्ता हा विषय घेतला म्हणून ते बंद होत नाहीत.

अभ्यासक्रम निवडताना नावावर जाऊ नका. 'ॲसेट मॅनेजमेंट' नावाखाली गुंतवणूक आणि भाडेकरार शिकवणारे अभ्यासक्रमही असतात, ते वेगळंच जग आहे. विषयांच्या यादीत पदार्थांची झीज, तपासणीच्या पद्धती, जोखमीचं मूल्यमापन आणि पूर्ण आयुष्याचा खर्च हे चारही हवेत. विभागाला एक प्रश्न जरूर विचारावा, विद्यार्थ्यांना खऱ्या पुलाचा किंवा इमारतीचा डेटा हातात मिळतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघावं. नोकऱ्या रेल्वे, रस्ते, पाणी, वीज, बंदरं, विमानतळ, मोठी रुग्णालयं आणि सल्लागार कंपन्यांत असतात. थोडक्यात, ज्याच्याकडे पुष्कळ जुनं बांधकाम आहे आणि ते बंद ठेवणं परवडत नाही, त्या प्रत्येकाकडे.

तुमच्या धंद्याचं एक बोलते, राग मानू नका. ताबा दिला, बिल निघालं की तुमच्यासाठी काम संपतं. इमारतीचं आयुष्य तिथून सुरू होतं. काँक्रीटचा अभ्यास करणाऱ्या डी सिटर यांनी १९८४ मध्ये एक ठोकताळा मांडला होता. बांधतानाच नीट करायला एक रुपया लागत असेल, तर वेळेवर देखभाल करायला पाच, दुरुस्तीला पंचवीस आणि सगळं नव्याने करायला सव्वाशे. तुम्ही त्या पहिल्या आकड्यावर काम करणारे. तिला उरलेले तीन कळणार आहेत. घरी तुम्ही दोघांनी या विषयावर एकदा तरी बोललं पाहिजे, ती तुमच्या व्यवसायात येवो न येवो.

आता एवढं करा. जिन्यात जा आणि नवीन रंगावर, जुन्या भेगेच्या जागी, उजेड तिरपा पाडून बघा. भेग हलती असेल तर पुट्टीवर केसासारखी रेघ पुन्हा उमटली असेल, कदाचित जुन्या जागेच्या थोडी शेजारी. दिसली तर भरू नका. लेकीला हाक मारून दाखवा आणि पेन्सिल तिच्या हातात द्या. नाही दिसली तरी तिला सांगा, कारण ती थांबली होती हीसुद्धा वहीत लिहायची नोंद आहे.

हमीपत्रावर याच आठवड्यात सही करा. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. मला तिला त्या सात आणि दोनच्या वेळांबद्दल विचारायचंय.