‘पेटंट उत्तर’ यातलं पेटंट कुठलं?

प्रश्न असा आहे: ‘काकांचं ते पेटंट उत्तर’, ‘तिची पेटंट सबब’ असं आपण म्हणतो, तेव्हा पेटंट म्हणजे नेमकं काय? शोध लावणाऱ्याला सरकार देतं तेच का हे पेटंट?

शब्द तोच, पण मराठीत तो दोन वाटांनी आला असावा. कायद्यातल्या पेटंटला तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी असावी लागते, तिची कृती उघड लिहून द्यावी लागते आणि हक्क ठरावीक वर्षांनी संपतो. आता काकांचं उत्तर घ्या. ते नवं मुळीच नसतं, शंभरदा ऐकलेलं असतं म्हणून तर पेटंट. आणि त्याची मुदत कधीच संपत नाही! कायद्यातला अर्थ ताणून ताणून इथवर आला असं मानायला मला जड जातं. ‘पेटंट औषधा’वरून तो आला असं धरलं, तर सगळं सरळ लागतं.

पेटंट औषध हा शब्दप्रयोग इंग्रजांबरोबर आला. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत काही औषधवाल्यांनी राजाकडून खरोखरच सनदा मिळवल्या होत्या. पुढे सनद असो-नसो, बाजारात नावानिशी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तयार औषधाला लोक पेटंट म्हणू लागले. बहुतेकांना ती सनद नकोच होती, कारण ती घ्यायची तर आत काय आहे ते सांगावं लागणार. पेटंटचा लॅटिन मूळ अर्थ ‘उघडं’, आणि धंदा सगळा झाकलेल्या मुठीचा. ती मूठ उघडली की काय निघायचं याचा एक मासला: ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा औषधांची पृथक्करणं छापली. त्यांत जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढंच सापडलं.

हिंदुस्थानातली गंमत आणखी पुढची. इथे १८५६ साली शोधांसाठी पहिला कायदा झाला, तो मागे घेऊन १८५९ मध्ये दुसरा आला. त्यांत शोधकाला मिळायचे ते १४ वर्षांचे ‘खास हक्क’. ‘पेटंट’ हे नाव कायद्यात आलं ते १९११ च्या पेटंट्स अँड डिझाइन्स ॲक्टने. पण होलोवेच्या गोळ्या आणि मलम, बीचमच्या गोळ्या, कॉलरा-हगवणीवरचं क्लोरोडाइन हा माल त्याच्या कितीतरी आधी पेट्या भरभरून इथल्या बंदरांत उतरत होता. क्लोरोडाइन तर हिंदुस्थानातल्या लष्करात डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राउनचंच. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. गुण न येऊन सांगतो कुणाला!

मग देशी मालही त्याच वाटेने निघाला. गिरगावातल्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत घराघरांत गेलं. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं. त्याच गृहस्थांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे वर्तमानपत्रही सुरू केलं. औषध आणि वर्तमानपत्र यांची सोयरीक त्या काळी किती घट्ट होती, ते यावरून कळावं. तिसरी सोयरीक टपालखात्याशी. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही. पी., १८७७ मध्ये सुरू झाली. पोस्टमन पार्सल देणार, पैसे घेणार आणि विकणाऱ्याला पोचवणार. मुंबईची बाटली खेड्यातल्या माणसाला दुकानाची पायरी न चढता मिळू लागली. गुप्तरोगांच्या आणि धातुपौष्टिकांच्या जाहिरातींना हे किती सोयीचं, ते सांगायला नको. ‘टपालहंशील निराळें’ ही त्या जाहिरातींची ठरलेली शेपटी.

पेटंट औषधाचं वेगळेपण तेव्हाच्या माणसाला हाताला लागत होतं. दवाखान्यात जायचं तर बाटली घरूनच न्यायची. डॉक्टर तपासणार, कंपाउंडर मिक्स्चर कालवणार आणि बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी चिकटवणार. वैद्याकडे पुडी आणि सोबत अनुपान: मधातून की तुपातून, ते रोगी बघून. म्हणजे औषध त्या माणसापुरतं. पेटंट बाटली मात्र आधीच भरलेली, बूच लावलेली, मालकाची तसबीर छापलेली; सासऱ्याला आणि सुनेला एकच. १९१२ च्या मुंबई इलाख्यातल्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, आणि नोंदलेल्या डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणं हे व्यवसायाच्या शिस्तीत गैर ठरलं. बाटलीला असलं बंधन नव्हतं, ती वाटेल ते बोलू शकत होती.

कुणाचंही दुखणं असो, तेच तयार औषध. कुणीही काहीही विचारो, तेच तयार उत्तर. ‘पेटंट उत्तर’ इथून आलं, असं मला वाटतं.

ते ‘रामबाण उत्तर’ का झालं नाही, असंही कुणी विचारील. रामबाणाचा जोर अचूकपणावर आहे. आयुर्वेदातल्या रसग्रंथांत रामबाण रस नावाचं औषधच आहे, आणि त्याच्या श्लोकाने रूपक शेवटपर्यंत नेलंय: संग्रहणी हा कुंभकर्ण, आमवात हे खर-दूषण, अग्निमांद्य हा दशमुख. इतकी झोकदार जाहिरात गिरगावातल्या कुठल्याही कंपनीला जमली नसती. रामबाण उपायाने प्रश्न सुटतो. पेटंट उत्तराने तो सुटलाच पाहिजे असं नाही, बहुतेकदा सुटत नाहीच, म्हणून त्या शब्दात किंचित टोमणा असतो. ‘जालीम’ची तऱ्हा तिसरी: माणूस जालीम असला तर वाईट, औषध जालीम असलं तर उत्तम.

‘पेटंट’मधला मालकीचा अर्थही बाटलीवरचाच. या व्यापारात जपायचं असे ते नाव. लाहोरहून निघालेल्या ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी ‘लक्ष्मणधारा’ या दुसऱ्या औषधाविरुद्ध वाद नेला तो नाव सारखं वाटतं म्हणून. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत, असंच म्हटलं. ‘हा तिचा पेटंट विनोद’ यातही तेच: दुसऱ्या कुणी सांगितला तरी ओळखला जाणार तिच्या नावाने.

वैद्यमंडळींत जुना अर्थ आजही रोजच्या वापरात आहे. ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, म्हणजे तिथे दिलेल्या कृतीप्रमाणे, केलेलं ते ‘शास्त्रोक्त’, कंपनीने स्वतःचा पाठ बसवून नाव दिलेलं ते ‘पेटंट’. १९४० च्या औषध कायद्यातही ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ अशी जोडी होती. त्या औषधावर सरकारी पेटंट असेलच असं नाही.

लिहिताना एवढं पाळावं: कायद्याच्या संदर्भात ‘एकस्व’ हा प्रतिशब्द चालतो, सरकारी मराठीत तो रूढ आहे. काकांच्या उत्तराला मात्र ‘एकस्व उत्तर’ म्हणू नये. तिथे पेटंटच हवं, आणि तेही विशेषण म्हणून, रूप न बदलता: पेटंट सबब, पेटंट सबबी, पेटंट सबबीला.