मजूर अड्ड्यावर जाण्याआधी
स्थलांतरित कामगारांचा अभ्यास सुरू करताना 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेला 1996 चा बांधकाम कामगार कायदा आधी मुळातून वाचा. त्यात लाभार्थी म्हणून नोंदणीसाठी मागील वर्षभरात 90 दिवस काम केलेले असण्याची अट होती, ती नव्या संहितेतही आहे, आणि रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तसा दाखला कोण देणार, हा प्रश्न मनात ठेवूनच पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर, म्हणजे रोजंदारीच्या कामासाठी मजूर सकाळी जमतात त्या नाक्यावर, जा. सकाळी ठेकेदार येण्याच्या वेळी मुलाखती घेऊ नका, कारण तुमच्याशी बोलताना एखाद्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडू शकतो, आणि तसे होणे मला अक्षम्य वाटते. नंतर निवांतपणे उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम) कोणाकडून घेतली, हजेरी कोण मांडतो, हिशेब कधी होतो, हे विचारा. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनाही अभ्यासात घ्या. ती राज्यातल्या राज्यातच स्थलांतर करत असल्याने 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्यांच्यासाठी नव्हताच.