घरच्या घरी सोपा आकाशकंदील अर्ध्या तासात कसा करावा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, शाळेत कंदील करून न्यायचाय, नंतर तोच गॅलरीत लावायचाय, खर्च कमी हवा आणि अर्ध्या तासात व्हायला हवा. बाकी सगळं जमेल हो, अर्धा तास सोडून. अर्ध्या तासात चिकटवायची खळसुद्धा धड गार होत नाही.

मी कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्यांचा, कंदील सांगणार आहे कारण मला तोच येतो आणि माझ्या मते कंदील म्हणजे तोच. चिनी प्लास्टिकचा दुमडून ठेवता येणारा तो कंदील नाही, ती लॅम्पशेड आहे. आमच्या घरी हा वाद २०१९ पासून चालू आहे त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, घाई असेल तर खाली लग्नपत्रिकांच्या कंदिलाचं आहे तिथे जा.

तर कामट्या लागतात चोवीस. बुरुडाकडनं आणा, शहरात बांबूच्या ताट्या, शिड्या विकणारे असतात त्यांच्याकडे मिळतात. करंगळीच्या नखाएवढ्या रुंद आणि वाळलेल्या, हे वाळलेलं नीट लक्षात ठेवा, त्यावर मी पुढे येणार आहे. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. त्यातले चार चौकोन टोकावर उभे करायचे, बर्फीसारखे, आणि कोपऱ्याला कोपरा बांधून त्यांचं गोल कडं करायचं. पाचवा चौकोन वर आडवा, त्याचे चार कोपरे त्या चार बर्फ्यांच्या वरच्या टोकांना बांधायचे, सहावा तसाच खाली. झालं. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, ते वेगळे करावे लागत नाहीत, आणि लहानपणी मला याचंच सगळ्यात नवल वाटायचं की आपण त्रिकोण एकही केला नाही आणि आठ आले कुठनं.

आता माप. सगळे इथे फसतात. एक फुटाची कामटी घेतली तर कंदील एक फुटाचा होत नाही, रुंदीला बरोबर दुप्पट, दोन फूट होतो. आम्ही डोंबिवलीत पहिल्या वर्षी केला तो गॅलरीच्या ग्रीलला आपटत होता आणि पलीकडच्या काकूंची कपड्यांची दोरी त्याला अडत होती. फ्लॅटसाठी चौकोनाची बाजू ८ इंच पुरे, गाठीसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच जास्त सोडून कामटी ९ इंच कापा. म्हणजे एकूण १८ फूट कामटी. कंदील होईल १६ इंच रुंद आणि उंचीला साधारण सव्वाअकरा इंच, शेपट्या वेगळ्या.

गाठ फुलीची, गोधडीच्या दोऱ्यानं. चौकोनांच्या चोवीस आणि चौकोन एकमेकांना जोडायच्या बारा, छत्तीस गाठी. तिसरीतल्या मुलीकडनं निदान चार तरी मारून घ्या, नाहीतर शाळेत बाईंना काय सांगणार ती.

सांगाडा झाला की तो हातात डुलतो, पिळला जातो, आणि लोक घाबरून फेविक्विक ओतत बसतात. तो डुलणारच, चौकोन कधी ताठ राहत नाही, दाबला की कलतो. कागद चिकटला की तो ताठ होतो. पण कागद चिकटवताना सांगाडा वाकडा असला तर तो जन्मभर वाकडाच राहतो. म्हणून कागदाआधी प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण पट्टीनं मोजायचे, ८ इंचाच्या चौकोनाला दोन्ही सव्वाअकरा आले पाहिजेत. माझे बाबा पोस्टात होते, कराडला, घरी आले की शर्ट न काढता आधी कंदिलाचे कर्ण मोजायचे. पट्टी नसली तर दोऱ्यानं. आम्ही भावंडं चिडायचो की लावा ना आता कागद, पण ते दोरा इकडून तिकडे लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून एक जव कमी आहे."

कागद पतंगाचा. घोटीव कागद चकचकीत दिसतो पण उजेड अडवतो, तो नक्षीला वापरा. जिलेटीन अजिबात नको, आतला बल्ब नागडा दिसतो. चिकटवायला मैद्याची खळ, दोन चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचा, पळीवरनं सरकत पडेल इतपत. त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे झुरळं खात नाहीत. कागद वाळला की त्यावर ओल्या फडक्याचा नुसता हात फिरवायचा, परत वाळताना तो असा ताणतो की बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, गरम हवा जायला पाहिजे.

आता गरम हवेवरनं २०१९.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही सगळे सासरी होतो, रत्नागिरी जिल्ह्यात. आठवत असेल तुम्हाला, २७ ऑक्टोबरला एकाच दिवशी पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं आणि समुद्रात ते क्यार वादळ, कोकणात ऐन दिवाळीत पाऊस. मी दोन दिवस आधी मागीलदारच्या बेटातला बांबू तोडून घेऊन कंदील केला. चांगला मोठा, अंगणाला शोभेल असा, एक फुटाच्या कामट्यांचा. पांढरे चौकोन, लाल त्रिकोण. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओटीवरनं बघून "बरा झालाय" म्हटलं, आणि त्यांना ओळखणाऱ्याला कळेल की हे केवढं मोठं आहे.

आमचे धाकटे भाऊजी पुण्याहून आले ते प्लास्टिकचा घेऊन, त्यात रंग बदलणारे दिवे. माझा बघितला आणि म्हणाले, "वहिनी, हा कंदील आहे की पिंजरा? पोपट कुठंय?" सगळे हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहितेय कारण नंतर असं सांगितलं गेलं की मी तेव्हापासून रागावले होते.

कंदील पडवीत लावला, आत ५ वॉटचा एलईडी. छान मंद उजेड होता, कंदिलाचा उजेड मंदच असतो, त्याच्याखाली कुणाला पेपर वाचायचा नसतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आत पुरणाच्या पोळ्या लाटत होते. भाऊजींना वाटलं उजेड पडत नाही, म्हणून त्यांनी माळ्यावरच्या खोक्यातनं जुना १०० चा पिवळा बल्ब काढला आणि लावला, आणि वायर वरनं आखडून घेतली कारण बल्ब खालनं दिसत होता म्हणे. तासाभरात कंदिलाला भोक. जाऊबाई ओरडल्या तेव्हा मी पीठाच्या हातानं बाहेर आले तर वरचा एक त्रिकोण गेलेला, सांगाडा एका बाजूला कललेला, आणि वाऱ्यानं झड येऊन क्रेपच्या शेपट्यांचा लाल रंग खाली रांगोळीत ठिपकत होता.

भाऊजींचं म्हणणं काय, तर पावसानं फाटला. "कागदाचा कंदील पावसात टिकतो होय?" आणि मग तो प्लास्टिकचा लावला आणि आजतागायत गणपतीत, लग्नात, बारशात हा किस्सा सांगितला जातो, वहिनींचा कंदील आणि क्यार वादळ. दरवर्षी त्यात वादळाचा वेग वाढतो.

तर माझं म्हणणं मी इथे एकदा नीट लिहून ठेवते. पडवीवर कौलं आहेत, झड खालनं तिरकी येत होती. भोक वरच्या त्रिकोणाला, पावसाच्या उलट्या बाजूला. पावसानं फाटलेला कागद लगदा होतो, त्याच्या कडा मऊ आणि लोंबत्या असतात. त्या भोकाची कड तपकिरी होती, बोटानं दाबली की पापडासारखी मोडत होती, आणि कडेपासून आत दोन बोटं लाल कागदाचा रंग उडून विटकरी झालेला. ज्यानं कधी इस्त्री कपड्यावर विसरली आहे त्याला हा रंग माहीत आहे. तो त्रिकोण मी कापून ठेवलाय. पंचांगात घालून. नवरा म्हणतो हे जरा अति आहे, असू दे.

जुना पिवळा बल्ब म्हणजे उजेड थोडा आणि उष्णता फार, १०० वॉटचा तर कागदाला टेकला की संपलंच. आमच्या लहानपणी बाबा झिरोचा बल्ब लावायचे, आणि तोसुद्धा बरोबर मधोमध, होल्डरला आडवी कामटी बांधून, म्हणजे वाऱ्यानं हलला तरी कागदापाशी जात नाही. तुम्ही एलईडीच लावा, ५ ते ७ वॉटचा, आणि ती आडवी कामटी तरीही बांधा.

आता इतकं बोलले आहे तर माझ्या चुकाही सांगते, नाहीतर म्हणतील एकतर्फी लिहिलं. एक, बांबू ओला होता. ओला बांबू वाळताना आकसतो आणि गाठी सैल पडतात, म्हणून सांगाडा कलला, ते बल्बमुळे नाही. बाबा बुरुडाकडनं वाळलेल्या कामट्या का आणायचे हे मला त्या दिवशी कळलं. दोन, शेपट्या क्रेपच्या करायला नको होत्या, क्रेपचा रंग पाण्याच्या थेंबानं जातो. सॅटिनच्या रिबिनी लावा किंवा जुन्या साडीचे काठ. पण भोक माझं नाही.

शाळेचं राहिलंच. कामट्यांच्या कंदिलाला दोन संध्याकाळी लागतात, तेवढ्या देता येणार नसतील तर जुन्या लग्नपत्रिकांचा कंदील करा, घरात ढीग असतोच. वाटी ठेवून वीस गोल कापा, पुठ्ठ्याचा तिन्ही बाजू सारख्या असलेला एक त्रिकोण असा कापा की त्याची तिन्ही टोकं गोलाला टेकतील, तो ठेवून प्रत्येक गोलाच्या तीन कडा दुमडा आणि कडेला कड फेविकॉलनं चिकटवत जा. पाचाची वर टोपी, पाचाची खाली, मध्ये दहाचा पट्टा, एक उलटा एक सुलटा. याला दीड तास लागतो, पंचवीस गोल कापून ठेवा कारण चार-पाच वाकडे होतात. फक्त पत्रिकेचा कागद जाड असतो, उजेड बाहेर येत नाही, म्हणून आधी पंचिंग मशीननं भोकं पाडा. हे काम मुलीला द्या, तासभर आवाज नाही.

आणि हो, मोरचूद विषारी आहे, ते तुम्ही टाका, मुलीचा हात त्या खळीत नको. शाळेच्या कंदिलाला नुसती साधी खळ करा, झुरळं खाईपर्यंत दिवाळी होऊन जाते. विकतच घ्यायचा असं शेवटी ठरलंच तर मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत बांबूचे, कागदाचे हातानं केलेले मिळतात, तिथला घ्या.

भाऊजी हे वाचणार, मला ही साइट त्यांनीच दाखवली. पंचांग देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, वसुबारसेला याल तेव्हा काढून बघा. बल्ब मात्र घेऊन येऊ नका.